आंधळं दळतंय, कुत्रं खातंय

प्राणिखाद्याच्या कुठल्याही दुकानात आज गेले, तर गल्ल्याशेजारी दोन-तीन मोठ्या बरण्या हमखास मांडलेल्या दिसतात. एकीत दोन्ही टोकांना गाठ मारलेली पांढरी हाडे, दुसरीत तपकिरी कांड्या, तिसरीत वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. घरच्या कुत्र्याचा आठवड्याचा खाऊ म्हणून गिऱ्हाईक त्यातले चार-पाच नग घेते आणि दुकानदार ते साध्या पिशवीत घालून देतो. पिशवीवर काही छापलेले नसते. हे हाड कशाचे, कोणी केले, कुठे केले, कधी केले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या व्यवहारात मिळत नाही आणि बहुतेक कोणी विचारतही नाही. मी काही दुकानांत विचारून पाहिले. ‘सगळे हेच नेतात, काही होत नाही,’ या आश्वासनापलीकडे हाती काही लागले नाही.

काही होत नाही, हे खरे आहे का? आणि समजा काही झालेच, तर ते कोणाला कळते? यातला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कुत्र्याच्या हाडाचा विषय हा हौशी, खात्यापित्या घरांचा विषय आहे, रविवारच्या पुरवणीत त्याला जागा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण खाण्याची एक वस्तू उघड बाजारात विकली जाते आणि ती अन्न आहे की नाही याचा निर्णयच कायद्याने केलेला नाही, ही गोष्ट हौसेपुरती राहत नाही. ती कुठवर जाते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी वस्तू समजून घेऊ. बरणीतले ते पांढरे ‘हाड’ हे हाड नसतेच. ते कातडे असते. म्हशीचे किंवा गाई-बैलाचे कातडे कारखान्यात आले की ते चुन्याच्या निवळीत भिजवतात, त्यावरचे केस आणि चरबी काढतात. मग त्याचे थर वेगळे केले जातात. वरचा चिवट, देखणा थर चपला-बूट आणि पिशव्यांसाठी कमावायला जातो. आतला थर उरतो. तो धुऊन, बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करून, ओला असतानाच गुंडाळतात, गाठी मारतात आणि वाळवतात. कधी त्याला धूर देतात, कधी मांसाचा वास आणि रंग चढवतात. म्हणजे मुळात ही चर्मोद्योगाची उपवस्तू आहे. उपवस्तूचा उपयोग होण्यात गैर काही नाही. तो नाही झाला तर तेच कातडे नाल्यात जाईल. अडचण इतकीच, की चामड्याच्या धंद्याची शिस्त ही पायात घालायच्या वस्तूची शिस्त आहे, पोटात घालायच्या वस्तूची नव्हे. कातड्यावर कोणती रसायने वापरली आणि शेवटी ती किती धुतली गेली, हे बुटाच्या गिऱ्हाइकाने विचारले नाही तरी चालते. कुत्र्याच्या बाबतीत तेच चालवून घेतले जाते.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०१७ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने कातड्याची हाडे बाजारातून परत मागवली. मेक्सिको, कोलंबिया आणि ब्राझीलमधल्या कारखान्यांत ती तयार करताना यंत्रे आणि भांडी निर्जंतुक करण्याचे रसायन प्रक्रियेतच वापरले जात होते, असे उघडकीला आले. फरशी पुसायच्या द्रावणात असते त्याच कुळातले हे रसायन. हाडांना विचित्र वास येतो, कुत्री उलट्या करतात, अशा तक्रारी ग्राहकांनी केल्या होत्या. तक्रार करायला जागा होती म्हणून कारण कळले.

या खाऊचे धोके ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला धोका साधा, डोळ्यांना दिसणारा. कातडे पोटात सहज विरघळत नाही. चावून मऊ झालेला मोठा तुकडा अधाशी कुत्रा तसाच गिळतो, तो घशात अडकतो किंवा आत जाऊन फुगतो आणि आतड्यात बसतो. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. खऱ्या हाडांची गोष्ट वेगळी, पण कमी वाईट नाही. शिजलेले हाड ठिसूळ होते आणि त्याच्या टोकदार कपच्या निघतात. आपल्याकडे रविवारच्या कोंबडीची हाडे कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. त्यातला धोका हाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली, दुकानात मिळणाऱ्या भाजलेल्या आणि धुरावलेल्या हाडांबद्दल सुमारे ६८ तक्रारी आल्याचे जाहीर केले. त्यांत साधारण ९० कुत्री आजारी पडली होती आणि १५ दगावली होती. फार टणक हाडाने दात तुटतात, तेही बहुधा वरच्या जबड्यातला मोठा, चावण्याचा मुख्य दात. कुत्रे ते दुखणे मुकाट्याने सोसत राहते आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

दुसरा धोका जंतूंचा आणि तो कुत्र्यापाशी थांबत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वाळवलेल्या डुकराच्या कानांपासून साल्मोनेलाची साथ पसरली. कुत्र्यांना चघळायला देतात ते हे कान. त्या साथीत ३४ राज्यांतली १५४ माणसे आजारी पडली, त्यांतल्या ३५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. पाच वर्षांखालची मुलेही त्यांत होती. यातल्या कोणी ते कान खाल्ले नव्हते. हाताळले होते, किंवा ज्या कुत्र्याने खाल्ले त्याला कुरवाळले होते. आपल्याकडे हाड चघळणारा कुत्रा आणि रांगणारे मूल एकाच सतरंजीवर असतात. बरणीत हात घालून तोच हात पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतो. तेव्हा हा खाऊ ‘फक्त कुत्र्याचा’ आहे, हे म्हणणे टिकत नाही.

तिसरा धोका विषाचा, आणि तो सगळ्यांत फसवा. २००७ पासून अमेरिकेतल्या पशुवैद्यांकडे एक चमत्कारिक आजार येऊ लागला. कुत्र्याच्या रक्तात साखर ठीक, पण लघवीत साखर. मूत्रपिंडाची गाळणी बिघडल्याचे हे लक्षण. धागा शोधता शोधता तो वाळवलेल्या कोंबडीच्या, बदकाच्या आणि रताळ्याच्या पट्ट्यांपर्यंत गेला. त्यांतला बराच माल चीनमधून आलेला होता. २०१५ अखेरपर्यंत तिथल्या प्रशासनाकडे सुमारे ५,२०० तक्रारी जमल्या. ६,२०० हून अधिक कुत्री आजारी आणि १,१४० हून अधिक मृत, असा तो हिशेब होता. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेला काही पट्ट्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले आणि तो माल दुकानांतून उचलला गेला. त्यानंतर तक्रारी कमी झाल्या. पण त्या अंशांनी हे मृत्यू झाले असे सिद्ध झाले नाही. इतक्या तपासण्या करूनही आजाराचे निश्चित कारण अखेर सापडले नाही ते नाहीच.

ही हकीकत मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. वाचकांना वाटेल, अमेरिकेसारख्या देशालाही जमले नाही, मग आपली काय कथा? मला त्यातून उलटा धडा दिसतो. कारण सापडले नाही, तरी आकडा सापडला. कोणीतरी मोजत होते. एका गावातल्या एका डॉक्टरच्या टेबलावर मेलेले एक कुत्रे म्हणजे दुर्दैव. पाच हजार तक्रारी एका जागी जमल्या की तो पुरावा होतो. त्या पुराव्याच्या दडपणाखाली माल हलला, दुकानदार सावध झाले. आपल्याकडे असा माल आला आणि अशी कुत्री मेली, तर ती त्या त्या घरची हळहळ म्हणून संपून जातील. आजवर संपली नसतील, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

अमेरिकेत हे मोजणे शक्य झाले, त्याचे मूळ एका व्याख्येत आहे. तिथल्या १९३८ सालच्या कायद्यात अन्न म्हणजे ‘माणसाच्या किंवा इतर प्राण्यांच्या’ खाण्यापिण्याची वस्तू, असे म्हटले आहे. त्या ‘इतर प्राण्यांच्या’ या दोन शब्दांमुळे कुत्र्याचे हाडही अन्न ठरले आणि त्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आली. बाजारात येण्यापूर्वी तिथेही या खाऊला परवानगी घ्यावी लागत नाही, आणि तिथल्या चुकाही वर दिसल्याच. पण दार ठोठवायला घर आहे.

आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा माणसाच्या खाण्यापुरता होता. त्याची जागा घेणारा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदाही ‘मानवी सेवनासाठी’ या शब्दांवरच उभा आहे आणि पशुखाद्य त्याने स्पष्ट शब्दांत वगळले आहे. त्यामुळे आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक शेजारच्या फरसाणाच्या दुकानात जाऊन शेवेचा नमुना घेऊ शकतो; त्या भिंतीपलीकडल्या हाडांच्या बरणीला मात्र त्याचा कायदा लागत नाही. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आय. एस. ११९६८ हे मानक आहे, पहिल्यांदा १९८६ साली निघालेले. पण ते ऐच्छिक म्हणून तयार झाले. ज्याला पाळायचे त्याने पाळावे. परदेशातून येणाऱ्या, प्राणिजन्य घटक असलेल्या खाद्याला १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली परवाना लागतो, पण त्याचा मुख्य रोख परदेशातले पशुरोग देशात येऊ नयेत यावर आहे. २०१८ मध्ये प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम झाले. ते जिवंत प्राणी विकणाऱ्यांसाठी. पिंजऱ्याला नियम आहे, बरणीला नाही. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणे गुन्हा आहे. पण विकणारा सांगणार मला ठाऊक नव्हते, आणि ते बहुधा खरेही असणार.

सरकारला ही वस्तू दिसतच नाही असे मात्र नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा गुरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य करमुक्त ठेवले गेले, आणि किरकोळ विक्रीच्या कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर १८ टक्के कर बसला. वसुलीच्या वेळी हे खाद्य पशुखाद्याहून वेगळे, चैनीचे. तपासणीच्या वेळी तेच पशुखाद्य म्हणून कायद्याबाहेर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही आपली म्हण आळशी कारभारावर टोमणा म्हणून आहे. इथे ती शब्दशः खरी झाली आहे. फरक इतकाच, की पिठात काय आहे हे दळणाऱ्याला माहीत नाही आणि खाणाऱ्याला बोलता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या देशात पोरांच्या दुधात भेसळ सापडते, तिथे कुत्र्याच्या हाडाची चिंता हा शहाणपणा आहे का? मला वाटते, दोन्ही चिंता एकच आहेत. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो आदिवासींना कावीळ आणि जलोदर झाला, शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे त्याचे कारण मानले गेले. त्या साथीची नोंद करणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे : माणसांच्या आधी गावातली पाळीव कुत्री तशाच लक्षणांनी आजारी पडू लागली होती. एकाच चुलीवरची भाकरी दोघांच्या पोटात जात होती. कुत्र्याने आधी सांगितले, ऐकणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. मार्च २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे कोट्यवधी डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळले होते. प्लास्टिकच्या धंद्यातले हे रसायन. पण त्यात नत्र भरपूर, त्यामुळे प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीला ते फसवते. स्वस्त माल महाग दिसतो आणि मुतखड्यासारखे स्फटिक मूत्रपिंडात साचून जनावर मरते. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तीच युक्ती चीनमधल्या बालकांच्या दूधभुकटीत उघडकीला आली. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावल्याचे तिथल्या सरकारने मान्य केले. त्या सप्टेंबरात भारताने चिनी दुधावर बंदी घातली. ते योग्यच होते. पण लबाडीची रीत वर्षभर आधी जगासमोर आली होती, कुत्र्या-मांजरांच्या ताटात. ज्या ताटावर पहारा नाही, तिथे भेसळ करणारा आधी हात साफ करतो.

अफ्लाटॉक्सिनचा धडाही जुना झालेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मक्याच्या एका कोरड्या श्वानखाद्याने हाहाकार उडवला. जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक कुत्री मेल्याची आणि २१० हून अधिक आजारी पडल्याची नोंद झाली. आपल्या दमट कोकणात, पावसाळ्यात, मका आणि शेंगदाण्याची पेंड घातलेली सुटी बिस्किटे पोत्यातून विकली जातात, तेव्हा त्यांची चाचणी कोण करतो?

दुसरा आक्षेप गावाकडचा. आमच्या वाड्यातली कुत्री हाडेच खाऊन म्हातारी झाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरे आहे. ताक-भाकरी आणि उष्ट्यावर ती जगली, आणि खाटकाच्या दारातले कच्चे हाडही त्यांनी पचवले. पण जी गोठ्यामागे जाऊन मुकाट मेली, ती कशाने मेली हे कोणी पाहिले नव्हते. शिवाय तेव्हाचे हाड हे हाड होते. चुन्यात भिजवलेले, पांढरे केलेले आणि गाठ मारलेले कातडे ही आजोबांच्या अनुभवातली वस्तू नव्हे.

मग करायचे काय? सरकारने करायच्या गोष्टी तीन आहेत आणि एकीलाही फार पैसा लागत नाही. मानक आधीच लिहिलेले आहे. ते सक्तीचे करावे आणि चघळण्याच्या वस्तू नाव घेऊन त्यात आणाव्यात. सुटी विक्री बंद करून प्रत्येक पाकिटावर कोणत्या प्राण्याचे कातडे वा मांस, कोणत्या देशातले, उत्पादक कोण आणि खेप कोणती, हे छापायला लावावे. आणि तिसरी, माझ्या मते पहिली, गोष्ट म्हणजे नोंदवही. राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. खाऊ खाल्ल्यावर आजारी पडलेल्या कुत्र्याची माहिती आणि उरलेल्या पाकिटाचा नमुना खासगी डॉक्टरांनी तिथे पाठवायचा, एवढी सोय झाली तरी पहिल्याच वर्षी पुष्कळ गोष्टी उजेडात येतील.

ते होईपर्यंत घरच्यांनी सांभाळायचे. नख दाबून ज्यावर जराही खूण उमटत नाही, ते कुत्र्याच्या दाताला फार टणक, असे दंतवैद्य मानतात. हिमालयातली छुर्पी किंवा शिंगाचे तुकडे याच कसोटीला लावावेत. हाड कुत्र्याच्या तोंडात मावेल त्याहून मोठे असावे आणि झिजून लहान झाले की काढून घ्यावे. एकट्याला चघळत सोडून बाहेर जाऊ नये. शिजलेले हाड कधीच देऊ नये. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावा. साखरविरहित गोळ्या-चॉकलेटांतले झायलिटॉल कुत्र्याला थोडेसेही घातक असते, आणि प्रसादातले बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा हेही त्याचे अन्न नव्हे. पाकीट संपेपर्यंत फेकू नये. काही घडलेच तर तोच एक साक्षीदार असतो. आणि हाताळून झाल्यावर हात धुवावेत, मुलांचे आधी. दात स्वच्छ ठेवणे हा हेतू असेल तर मऊ ब्रश आणि डॉक्टरांचा सल्ला हा मार्ग हाडाहून स्वस्त पडतो.

पण घरच्या शहाणपणाला मर्यादा आहेत. नखाने टणकपणा कळतो, रसायन कळत नाही. वासाने बुरशी कधी कळते, जंतू कळत नाहीत. जे डोळ्यांना, नाकाला आणि नखाला कळत नाही, ते तपासण्यासाठीच माणसाने प्रयोगशाळा काढल्या आणि त्यांना अधिकार देण्यासाठी कायदे केले. आपल्या अन्नकायद्याच्या व्याख्येत ‘किंवा पाळीव प्राण्यांच्या’ एवढे तीन शब्द घालायला संसदेची एक दुपार पुरे आहे. ते घातले म्हणजे कुत्र्यावर उपकार होतील असे कोणी समजू नये. त्याच्या ताटाशी एक पहारेकरी उभा राहील, आणि आजवरचा अनुभव असा आहे की त्या ताटात आलेले विष पुढे आपल्या ताटाकडेच निघालेले असते.